बेटावरची येळवस

३० डिसेंबर २०२४, पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे. मॉरिशसमधील मोका गावात, माझ्या भाड्याच्या घरासमोर एक छोटी निळी गाडी उभी होती. पुढच्या आसनावर आई बसली होती. तिच्या मांडीवर कापडात बांधलेले डाळी-भाज्यांच्या भज्जीचे पातेले होते आणि पायांपाशी आंबिलाची मोठी बाटली.

"आपल्याकडं आता बाया डोक्यावर घागरी घिऊन रानाला निघाल्या असतील," आई म्हणाली. "आन आमी निगालो मोटारीत, समुद्र बघाया."

मॉरिशस हे बेट इतके आटोपशीर आहे की पहाटे निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी हाकली तर सूर्यास्तापर्यंत त्याची प्रदक्षिणा जवळजवळ पुरी होते. भूजलाच्या अभ्यासासाठी मी इथे आले तेव्हापासून ही फेरी मी आईसाठी राखून ठेवली होती. सुट्टी मिळाली ती वर्षअखेरीस, आणि त्या सुट्टीत नेमकी मार्गशीर्षातली वेळ-अमावास्या आली. आमच्या धाराशिव-लातूरकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी घराला कुलूप लावून अख्खे कुटुंब रानात जाते. ज्वारीच्या कडब्याची खोपटीसारखी कोप उभारून तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडतात. नैवेद्य झाला की उभ्या पिकाभोवती फिरून आंबील शिंपडतात आणि वाटेवरच्या कोणालाही हाक मारून जेवायला बसवतात. लग्न होऊन सास्तूरला आल्यापासून आईची एकही येळवस चुकलेली नव्हती. विमानात बसायला ती तयार झाली ती एकाच अटीवर: येळवस जिथे असेन तिथे करीन.

या दिवसावर आणखी एका गोष्टीचा भार होता. माझ्या मार्गदर्शकांनी मला पुढची तीन वर्षे इथेच काम देऊ केले होते आणि उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. मला ते काम हवे होते. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. परंतु वडील गेल्यापासून सास्तूरच्या घरात आई एकटी राहते. ती आली त्या पहिल्याच रात्री मी तिला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, ताट सरकवले आणि म्हणाली, "येळवस होऊ दे नीट, मग सांगते."

गाडी घरमालकीणबाईंची. त्यांना मी मिला मातांत म्हणते. बेटावरच्या क्रेओल भाषेत मातांत म्हणजे मावशी. किल्ली देताना त्यांनी एकच बजावले होते: आसनांवर काही सांडायचे नाही. म्हणून आंबिलाच्या बाटलीचे झाकण मी स्वतः, दोन्ही हातांनी, घट्ट आवळले होते.

काप मालेरू

बेटाच्या उत्तर टोकाला पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच पाण्यावर आला होता. लाल छपराचे एक लहान चर्च, त्याच्या पायाशी काळे खडक, आणि पुढे पाणी. पण त्याला पाणी म्हणावे की प्रकाश, हे ठरवता येईना. काठाशी ते काचेसारखे रंगहीन होते. थोड्या अंतरावर फिकट हिरवे, मग मोरपंखी, आणि अगदी दूर एका पांढऱ्या रेषेपलीकडे एकाएकी गडद निळे. समोरच्या लहान बेटाची पाचर क्षितिजावर तरंगत होती. एक होडी स्थिर उभी होती आणि तिची सावली तळाच्या वाळूवर तिच्यापासून वेगळी पडली होती, जणू होडी हवेतच टांगली आहे.



"ह्यो समुद्र हलत का न्हाय?"

मी तिला प्रवाळाची भिंत दाखवली. ती दूरची पांढरी रेघ म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या लाटा. आतले पाणी त्यामुळे शांत राहते.

"म्हंजी बांध हाय. बांधाच्या आत उभं पाणी," आईने निकाल दिला. "भात बरा येईल."

तिने इकडेतिकडे पाहून हिरवळीचा एक तुकडा हेरला. पण त्याला हॉटेलचे कुंपण होते. त्यापुढच्या तुकड्यालाही होते. आईने पदर खोचला आणि गाडीत जाऊन बसली. तिला हवे होते ते रान. शोभेची हिरवळ नको होती.

ऊस आणि दगडांचे ढीग

पूर्वेकडचा रस्ता समुद्राला मधूनच सोडतो आणि उसात शिरतो. डिसेंबर इथला भर उन्हाळा. वाटेत दुतर्फा गुलमोहर इतके फुलले होते की आई दर वळणाला "आगं, चैत्रासारखं झालंय की," म्हणत होती. आमच्याकडे ज्या महिन्यात शाली निघतात, त्या महिन्यात इथे रस्त्याकडेला लिचीचे झुपके विकायला टांगलेले असतात. गाड्या भरपूर, पण कोणी भोंगा वाजवत नाही. आईला ते विचित्र वाटले. "समदे रुसल्यावानी चाललेत," ती म्हणाली.

उसाच्या फडांमधोमध काळ्या दगडांचे मोठे मोठे ढीग उभे होते. पूर्वी शेते साफ करताना वेचलेले दगड तिथेच रचून ठेवलेले. आईने गाडी थांबवायला लावली. ढिगांकडे पाहताना तिचा चेहरा ओळखीचे माणूस भेटल्यासारखा झाला. ती फडाच्या कडेला पातेले घेऊन उभी राहिली, तोच मोटारसायकलवरून एक रखवालदार आला. टोपी काढून, अत्यंत अदबीने, त्याने सांगितले की ही जागा खाजगी आहे.

"काय म्हंतोय?"

"मालकाची परवानगी नाही म्हणतो."

"मग मालकालाबी बोलीव जेवाया. आज कुणी न्हाय म्हंत नस्तंय."

मी ते वाक्य होता होईल तेवढे सौम्य करून क्रेओलमध्ये सांगितले. रखवालदार मोकळेपणाने हसला. पातेल्यातून येणाऱ्या वासाकडे त्याचे लक्ष गेले होते, हे आईने टिपले.

"त्याला सांग, निवद झाल्याबगार देता येत न्हाय. न्हाईतर दिलं असतं."

तो हात हलवत निघून गेला. आम्हीही निघालो. आईने मागे वळून दोनदा पाहिले.

त्रू द्यो दूस

या गावाच्या फ्रेंच नावाचा अर्थ गोड्या पाण्याचा खळगा. डोंगरात मुरलेले पावसाचे पाणी खडकातल्या फटींतून वाहत येते आणि इथे, खाऱ्या पाण्याला लागून, वर उमलते. माझा सगळा अभ्यास अशाच झऱ्यांचा आहे. टँकरची वाट पाहत उन्हाळे काढलेल्या तालुक्यातली मुलगी समुद्रात वाहून जाणाऱ्या गोड्या पाण्याचा माग काढते आहे, हे माझ्या मार्गदर्शकांना काव्यमय वाटते. मला ते हिशेबाचे वाटते: जे पाणी कुठेतरी फुकट जाते, ते नेमके कुठे जाते हे कोणाला तरी माहीत असायला हवे. आईला मी झऱ्याची जागा दाखवली, खाऱ्या-गोड्या पाण्याची सीमा कशी मोजतात तेही समजावले. ती ऐकत होती. पण तिच्या नजरेत मला मुलीचे कौतुक आणि मुलगी दूर जाण्याची खूण एकदमच दिसली आणि मी बोलणे आवरते घेतले.

काठावर एक बाई धोल पुरी विकत होत्या. वाटलेली डाळ भरून लाटलेली मऊ पातळ पोळी, आत घेवड्याची रस्सेदार उसळ आणि मिरचीचा ठेचा. नैवेद्यापूर्वी आई खाणार नव्हती. तिने पोळी नुसती उलगडून पाहिली, बोटाने दाबून पाहिली.

"पुरण तर घातलंय. गूळ कुठं गेला हिचा?"

"इथे तिखटच खातात."

"तरीच. बांधून घे दोन. येळवशीला पोळी पायजेच, गूळ नसंना का."

गाडी उन्हात उभी होती. आम्ही दहा पावलांवर असताना आतून फट् असा दबका आवाज आला. मी धावत जाऊन दार उघडले. आंबिलाची बाटली आडवी पडली होती, झाकण मागच्या काचेपाशी होते, आणि ताक, ज्वारीचे पीठ, लसूण नि कोथिंबीर यांचे ते पांढरे मिश्रण छतावरून मिला मातांतच्या आसनांवर संथपणे ठिबकत होते.

आंबील आंबते, आंबताना वायू सुटतो, वायू उष्णतेने प्रसरण पावतो. हे मी दहावीत शिकले होते आणि त्यानंतर त्याहून पुष्कळ अवघड गोष्टी शिकले होते. घरी घागरीच्या तोंडाला फडके बांधतात. मी प्लास्टिकच्या बाटलीला झाकण आवळले होते.

"बॉम्ब केलास की गं," आई म्हणाली. "तेरखेड्याला फटाक्याच्या कारखान्यात घेतील तुला."

ती हसली, मीही हसले. फडक्यांनी, बाटलीभर पाण्याने आणि शेवटी माझ्या जादा सुती कुर्त्याने आम्ही गाडी पुसून काढली. मग आईने बाटली उजेडात धरली. तळाशी वाटीभर आंबील उरले होते. तिचे हसू मावळले.

"एवढ्यात रान कसं शिंपायचं?"

पाणी घालून वाढवू का, असे मी विचारले. बाटलीच्या तोंडाला रुमाल बांधून ती तिने दोन्ही हातांत धरली आणि पुढचा तासभर खिडकीबाहेर पाहत राहिली. दिवस हातातून निसटत चालला आहे, हे मला कळत होते. दुपार कलली होती, रान मिळाले नव्हते आणि आंबीलही गेले होते.

ग्री-ग्री

दक्षिण टोकाला प्रवाळाची भिंत तुटते. तिथे कोणताही बांध नाही. दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत अडवायला काहीच नाही. दिवसभर निजलेला समुद्र इथे एकाएकी जागा होतो. लाटा काळ्या कड्यांवर आदळतात, त्यांचा तुषार वर येऊन वाऱ्यात विरतो, आणि हवा इतकी दमट, इतकी पांढुरकी असते की समोरचे माणूसही आठवणीतले वाटावे.

आई कड्यापासून दूर, एका सपाट खडकावर बसली. तिने तळहात खडकावर ठेवला. बराच वेळ तो तसाच ठेवला.

"ह्यो तर आपल्या हिरीचा दगड हाय."

तो तोच दगड होता. मी तिच्याशेजारी बसले आणि तिला सांगितले की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी इथून फार दूर नव्हती. पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून ती सरकत होती. तिथून लाव्हा वर आला, थरावर थर साचले आणि आपले पठार झाले, सास्तूरची काळी माती ज्या खडकाची होते तो खडक झाला. भूमी उत्तरेला निघून गेली. ती जागा मात्र खाली धगधगतच राहिली. फार नंतर तिनेच हे बेट वर काढले. आता ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

आईने तुषाराने ओले झालेले तोंड पुसले.

"म्हंजी चूल एकच. भाकरी दोन."

"हो."

"आमची आधी भाजली." तिने खडकावर थाप मारली. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घरे अंगावर कोसळली, त्यातून वाचलेली बाई आहे ती. नव्या सास्तूरच्या घरातही ती पत्र्याखालीच निजते. "दगड पायाखाली असला म्हंजी लई चांगला. हितं न्हाय पर. हितं वारा दिवा लागू देयाचा न्हाय. चल."

ला प्रेरी

त्यापुढचा रस्ता मला स्वप्नातल्यासारखा आठवतो. तो समुद्राच्या इतका लगत जातो की डाव्या खिडकीत फक्त पाणी असते. उजवीकडे डोंगर खाली उतरतात, एखादी नदी येते, पूल येतो, खाडी पुन्हा उघडते. एका टेकाडाला वळसा घालताना रस्ता पाण्यावर टांगल्यासारखा होतो. भिंतीच्या आतले पाणी पुन्हा निजले होते. गुडघाभर पाण्यात एक बाई शिंपले वेचत होती; तिच्याभोवती ना लाट, ना तरंग. आई काचेला डोके टेकून पेंगत होती, बाटली मात्र हातात सरळ होती. मी वेग कमी केला. हा दिवस संपू नये असे वाटत होते, आणि तो लवकर संपून मला उत्तर मिळावे असेही वाटत होते.

"थांब," आई म्हणाली. ती झोपेत बोलते आहे असे मला वाटले. पण मी पाहिले तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती गवताकडे पाहत होती.

ला प्रेरी म्हणजे कुरण. सुरूच्या उंच झाडांखाली गवताचा लांबच लांब पट्टा, पलीकडे वाळू, आणि डोक्यावर ल मॉर्नचा अजस्र काळा कडा. काही कुटुंबे सुट्टी घालवायला आली होती. चटया, पातेली, कुठे डफासारख्या चपट्या वाद्याची संथ थाप.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. सगळ्यांसाठी आहे."

"गायरान म्हण की! सकाळधरनं सांगायचं न्हाय व्हय? हॉटेलं दाखवत हिंडलीस."

तिला आता कोणी अडवणार नव्हते. ओढ्याच्या मुखाशी तिने पाच काळे गोटे निवडले. निवडताना तीन नाकारले. पानाच्या चंचीतून चुन्याची डबी काढून बोटाने त्यांना पांढरे केले, कुंकू लावले. सुरूच्या मुळांच्या बेचक्यात ते मांडले, वर गळालेल्या फांद्यांची हातभर कोप उभारली आणि माझी हिरवी ओढणी तिच्यावर घातली. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी आणि बिनगुळाची धोल पुरी असा नैवेद्य झाला. दिवा चौथ्या काडीला लागला.

मग तिने बाटलीचा रुमाल सोडला. सुरूची एक डहाळी आंबिलात बुडवून ती पाच दगडांभोवती फिरली. फेरी इतकी लहान होती की ती जवळजवळ स्वतःभोवतीच फिरल्यासारखी दिसली. "ओलगे ओलगे," ती म्हणत होती. सीमेपलीकडच्या कन्नडातून आलेले ते शब्द, ज्यांचा अर्थ आमच्या घरात कोणालाही नीट सांगता येत नाही. दरवर्षी ही आरोळी वडील देत. आईचा आवाज त्यामानाने बारीक होता. समुद्राने तो ऐकला असेल असे वाटत नाही. शेजारच्या चटईवरच्या बाईंनी मात्र ऐकला.

"या की जेवाया!" आईने त्यांना तिथूनच हाक मारली. "या, या. लाजू नगा."

त्या सोलांज. साठीच्या, रुंद हसऱ्या चेहऱ्याच्या. त्यांच्यामागोमाग त्यांचे यजमान आणि म्हातारी सासू. आईने केळीच्या पानांऐवजी आणलेल्या कागदी ताटल्यांत भज्जी वाढली. सगळ्या डाळी, हिरव्या शेंगा, पालेभाज्या बेसनात एकत्र शिजवलेला तो दाट प्रकार सोलांजनी हुंगला.

"की सा?" हे काय, असे त्यांनी विचारले.

"रानात जे जे असतं ते समदं," आईने मराठीतच उत्तर दिले, आणि भाषांतराची गरज पडली नाही. सोलांजनी मिरचीच्या ठेच्याची बाटली पुढे केली. आईने एक बोट चाखले, डोळ्यांत पाणी आले, आणि तिने मान डोलावली. "बाई कामाची हाय."

खाणे निम्म्यावर आले तशी आई मला म्हणाली, "इचार तिला, लेकरं कुठं असत्यात."

एक मुलगी, सोलांज म्हणाल्या. आयर्लंडला परिचारिका आहे. सहा वर्षे झाली.

"करमतं का, इचार."

मी विचारले. विचारताना माझा आवाज मला परका वाटला. सोलांजनी पुरीचा तुकडा मोडला आणि समुद्राकडे पाहिले.

"पहिलं वर्ष रडले," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी तिची खोली भाड्यानं दिली."

मी ते जसेच्या तसे मराठीत सांगितले. क्षणभर आई गंभीर राहिली. मग ती अशी हसली की तिला ठसका लागला. सोलांजही हसू लागल्या, आणि म्हातारीही, जिला काहीच कळले नव्हते. पाणी पिऊन झाल्यावर आईने डोळे पुसले. पुसायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

ऊन कड्यामागे गेले. सोलांजची मंडळी आपल्या चटईवर परतली. जाताना त्यांनी आईच्या ओटीत लिचीचा झुपका टाकला. आईने ताटल्या गोळा केल्या, दिवा शांत केला, ओढणी घडी करून माझ्या हातात दिली. दगड मात्र उचलले नाहीत.

"तुजी खोली म्या काय भाड्यानं देयाची न्हाय," ती गवताकडे पाहत म्हणाली. "ज्वारीची पोती ठिवीन."

मी घडी केलेली ओढणी खांद्यावर टाकली.

"घरचं रान म्या बघते. चुलत्याची पोरं हायत, मी काय जंगलात राहती व्हय? तीन वर्सं म्हंजी तीन येळवशी. हितल्या पांडवांना दरसाली चुना तूच लावायचा. आंबील घागरीत आणायचं, बाटलीत न्हाय. आन वाटंवरच्या माणसाला हाक मारल्याबगार घास तोंडात घालायचा न्हाय. जमंल का?"

"जमेल."

"बग बाई. शिकलेली मानसं दगड इसरत्यात."

मी फोन काढला. बेचक्यातल्या पाच पांढऱ्या ठिपक्यांवर वाकून, आकडे स्थिरावेपर्यंत तो धरून ठेवला.

"आता काय लिवतीस?"

"हे कुठे आहेत ते."

आई शेजारी येऊन वाकली. पडद्याचा उजेड तिच्या चुन्याने माखलेल्या बोटांवर पडला. अक्षांश २०.४८६ दक्षिण, रेखांश ५७.३४९ पूर्व.